मान हलवू नका

बाकीच्या ऑपरेशनांत पेशंट झोपलेला असतो, म्हणून तिथे किस्से घडत नाहीत. आमच्या कानाच्या ऑपरेशनला तो जागा असतो आणि तोंड मोकळं असतं. त्यामुळे वर्ध्याच्या आमच्या थिएटरमध्ये किस्से साचतच जातात. मी तिथे टेक्निशियन आहे. कानाभोवती सुन्न करायचं इंजेक्शन, चेहऱ्यावर हिरवं कापड, आणि डॉक्टर मायक्रोस्कोपमधून कानाच्या फाटलेल्या पडद्याला ठिगळ लावतात. मान जराशी हलली की ठिगळ सरकलंच.

पवनारच्या एका काकूंना डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?" काकूंनी मानेनंच 'नाही' म्हटलं. डॉक्टर हात वर धरून थांबले.

"काकू, मान हलवायची नाही. तोंडानं सांगा. कळलं?"

काकूंनी मान डोलावली.

मग भूल देणाऱ्या मॅडम इंजेक्शनमध्ये आणखी एक औषध घालू लागल्या. त्यानं भूल जास्त टिकते आणि पेशंट गुंगीत शांत पडून राहतो. बोरगाव मेघेच्या एका किराणावाल्या शेठजींना हे समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "आम्ही मिसळवलं तर भेसळ, अन् तुम्ही मिसळवलं तर ट्रीटमेंट काऊन?"

अल्लीपूरच्या एक आजी गुंगीत सुनेचं कौतुकच करत राहिल्या. "माही सून लय गुणाची." बाहेर येऊन मी सुनेला सांगितलं. तिनं मला बाजूला घेतलं.

"दादा, हे औषध मेडिकलमध्ये भेटते काय?"

आणि नामदेवराव. एका व्यापाऱ्यासाठी ते बाजार समितीत सोयाबीन घेतात. हर्रासात, म्हणजे लिलावात, ते बोलत नाहीत, भाव पटला की फक्त मान हलवतात. पण कान गेला आणि भलत्याच ढिगाला मान हलवून बसले. कान सुधारला नाही तर व्यापारी दुसरा माणूस ठेवणार होता.

डॉक्टर ठिगळ चिमट्यात धरून पडद्यापाशी पोचले, आणि कापडाखालून बडबड सुरू झाली.

"बोला, बोला... भाव नाही पटला अजून."

गुंगीत नामदेवराव हर्रासात उभे होते आणि एरवी मनात ठेवायचं ते तोंडावाटे येत होतं. हनुवटी हळूहळू वर येऊ लागली.

"मॅडम, हे आता मान हलवणार," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले.

मॅडम शेतकऱ्याच्या घरच्या. कापडाजवळ तोंड नेऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, माल ओला हाये."

मान जागच्या जागी थांबली. दगडासारखी. डॉक्टरांनी ठिगळ नीट बसवलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि श्वास सोडला.

"झालं, नामदेवराव."

कापडाखालून आवाज आला, "माल गेला कोणाले?"