दोन अक्षरांसाठी अडलेली केळी

लाल दिवा लागला आणि सुमनअक्कांचा आणखी एक क्रेट बाजूच्या पट्ट्यावर वळला.

सावद्याच्या त्या पॅकिंग हाउसमध्ये लाल दिव्याचा अर्थ एकच. या मळ्याच्या केळीत औषधाचा अंश जास्त सापडलाय, माल परदेशी जाणार नाही. अक्कांचा लॅब रिपोर्ट स्वच्छ होता. तो त्यांच्या हातातच होता.

"माह्या केळीले काय झालं, मॅडम?" अक्कांनी मला विचारलं.

मागे ट्रॅक्टरवाले माना उंचावून बघत होते. अक्का घरी पोहोचायच्या आत गावात बातमी पोहोचणार होती. एकदा नाव खराब झालं की पुढचा व्यापारीही माल घेताना दहादा विचार करतो.

क्रेटवरचे स्टिकर वाचणारी मशीन आमची कंपनी बसवते. ऑफिस जळगावला, माझं फिरणं धुळ्यापासून रावेरपर्यंत. कॅमेरा मळ्याचा नंबर वाचतो आणि आम्ही दिलेल्या साच्याशी ताडून बघतो; जुळला की लाल दिवा. या साच्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. २१४१, २१४२, २१४३, २१४४ असं सगळं लिहिण्याऐवजी २१४[१-४] लिहायचं. कंसातला कुठलाही एक आकडा चालतो. मशीनमध्ये ठरावीक लांबीचाच साचा बसतो. म्हणून आमचा प्रोग्रॅम अडवायच्या नंबरांची यादी घेतो आणि लहानात लहान साचा काढून देतो.

त्या दिवशीचा साचा आमच्या सरांनी जळगावहून पाठवला होता. मी तो उघडला. २१४[१-७]. अडवायच्या यादीत २१४५ नव्हता. तो नंबर अक्कांचा.

फोन लावला.

"[१-४६७], म्हणजे एक ते चार, सहा आणि सात, असं लिहिलं तर दोन अक्षरं जास्त होत होती," सर म्हणाले. "म्हणून मी [१-७] केलं. एकच मळा उगाच अडतो. खराब एकही सुटत नाही ना?"

"तो एक मळा माझ्यासमोर उभा आहे, सर."

"मग त्यांची समजूत काढ. कंटेनर थांबवू नकोस."

पॅकिंग हाउसचे मालक युसूफभाई शेजारीच होते. "मॅडम, अक्कांना दुसऱ्या नंबरचा स्टिकर लावू. विषय खतम."

"आणि बंदरावर कागद जुळले नाहीत तर?"

"मग मशीन बंद करा. हातानं बघून भरू."

"एक खराब क्रेट आत गेला तर अख्खा कंटेनर परत येईल. तुमचाच."

मशीन चालवणारा अमळनेरचा गुलाब म्हणाला, "हाऊ बठ्ठा माल चांगला शे, मॅडम." ते मलाही दिसत होतं. मशीनला फक्त नंबर दिसतो.

मी पट्टा थांबवला. दोन अक्षरं दुसरीकडून काढायची होती. कुणाला अडवायचं ते प्रोग्रॅमला माहीत होतं. बाकीचे कोण, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे प्रत्येक नंबरामागे कुणीतरी आहे असं धरून तो चालला होता.

युसूफभाईंची मळ्यांची नोंदणी मी लॅपटॉपवर घेतली आणि साच्याचा एकेक तुकडा तिच्याशी ताडला. ३०६[०-२५-९], म्हणजे शून्य ते दोन आणि पाच ते नऊ, या तुकड्यात ३०६३ आणि ३०६४ मोकळे सोडलेले होते. नोंदणीत ते नंबरच नव्हते.

"हे कुणाचे?"

"माझ्या साडूचे होते. त्यानं केळी मोडून हळद लावली. मला विचारलंसुद्धा नाही."

"म्हणजे तिथून एकही घड येणार नाही?"

"हळदीला घड लागतात का, मॅडम?"

मी ३०६[०-९] केलं. तीन अक्षरं सुटली. त्यातली दोन वापरून अक्कांचा नंबर मोकळा केला. मग साच्यावर आधी अडवायचे सगळे नंबर चालवले, नंतर नोंदणीतले उरलेले सगळे. अडवायचा एकही सुटला नाही, सोडायचा एकही अडला नाही.

गुलाबनं अक्कांचा क्रेट पुन्हा पट्ट्यावर ठेवला. कॅमेऱ्याखाली तो क्षणभर थांबल्यासारखा वाटला. हिरवा.

अक्का हसल्या नाहीत. दाराकडे बघून म्हणाल्या, "लाल दिवा पाहाले सारे उभे होते. आता कुठी गेले?"

युसूफभाईंनी बाहेर जाऊन ट्रॅक्टरवाल्यांना हाका मारून आत आणलं. त्यांच्यादेखत अक्कांचे सगळे क्रेट हिरव्या दिव्याखालून गेले. मगच कंटेनरचं दार लागलं.

निघताना मी मशीनवर मार्करनं लिहिलं, 'आम्हाला विचारल्याशिवाय ३०६३ आणि ३०६४ कुणालाही देऊ नये.' नाहीतर उद्या एखाद्या नव्या माणसाची गत अक्कांसारखी झाली असती.

आता आमचा प्रोग्रॅम दोन याद्या दिल्याशिवाय सुरूच होत नाही. कुणाला अडवायचं त्यांची एक, आणि कुणाला अडवायचं नाही त्यांची दुसरी. सर म्हणतात, यात वेळ जास्त जातो.

जातो.