मावसाजींचं अमेरिकन इंजिन आणि सोयाबीनचा थ्रेशर

आधीच सांगतो, या सदरातले पांढऱ्या साडीवाल्या बायांचे किस्से मी फक्त हसायला वाचतो. वर्ध्याच्या एका कॉलेजात ऑटोमोबाईल शिकवतो, पिपरी मेघेला राहतो, आणि अमावस्येला गाडी न घेणाऱ्यांची मला कीव येते. तरी लिहितोय... नाइलाज आहे.

माझे मावसाजी आखातात एका शेठच्या रेसिंग गॅरेजात मेकॅनिक होते. परतताना लोक सोनं आणतात. यांनी आणलं जुन्या अमेरिकन मसल कारचं रेसिंग इंजिन! सात लिटरचं व्ही-एट. ते बसेल अशी गाडी अख्ख्या जिल्ह्यात नाही. आंजी गावातल्या गोठ्यात लोखंडी स्टँडवर ठेवून दर दसऱ्याला हार घालायचे आणि सुरू करायचे. गावातली कुत्री पळून जायची. ते वारल्यावर हे धूड वारशात त्यांच्या मुलाला, प्रशांतला मिळालं.

आणि गेल्या हंगामात या शहाण्याने ते सोयाबीनच्या थ्रेशरला जोडलं! मी मुद्दाम गंमत बघायला गेलो.

"अरे गाढवा, हे शर्यतीचं इंजिन आहे. थ्रेशरच्या चिंध्या होतील."

"दादा, थ्रेशरचं डिझेल इंजिन बंद पडलं ना. आभाळ भरून राह्यलं, सवंगलेलं, कापून ठेवलेलं सोयाबीन वावरात पडून हाय. बाबायचं इंजिन काऊन सडू देऊ?"

दुपारची वेळ. प्रशांत पलीकडे पोती भरत होता, मावशी थ्रेशरच्या तोंडात सोयाबीन सारत होती. मी अजून हसतच होतो — आणि तिचा पदर आत गेला. पदरासोबत हात ओढला जाऊ लागला. स्विच माझ्या अगदी जवळ होता, पण मी, एवढा मोठा इंजिनीअर, जागचा हललो नाही.

मावशी किंचाळली, "बंद करा जी!"

आणि सगळं थांबलं.

इंजिन बंद पडणं मी समजू शकतो — पेट्रोल, स्पार्क, काहीही. पण थ्रेशरला जड फ्लायव्हील असतं. इंजिन बंद झालं तरी ते फिरत राहतं, म्हणून तर लोकांचे हात जातात. ते जागच्या जागी थांबलं! पट्टा तुटला नाही, स्विच चालूच होता. नंतर सगळं उघडून पाहिलं. कुठे काही अडकलेलं नव्हतं. हाताने फिरवलं तर फ्लायव्हील गरगर फिरलं.

प्रशांतने धावत येऊन विळ्याने पदर कापला. हात नुसता खरचटला होता.

मावशी ढिगावर बसली. म्हणाली, "तुह्या मावसाजीले हाक मारली मी. जित्तेपनी बोंबलून बोंबलून घसा बसला माहा, पन त्या मानसानं एकदाही आयकलं नाई..." आणि हमसून हमसून रडायला लागली.

माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही. योगायोग म्हणून कुणाला मला अक्कल शिकवायची असेल, तर आधी चालत्या थ्रेशरमध्ये स्वतःचा हात घालून "बंद करा" म्हणून बघावं.