बैलांनी काढलेली मोटर

पन्नासचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं राज्य अजून मध्य प्रदेश होतं आणि वर्ध्यात खासगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांतली एक माझ्या वडिलांची. वडील वकील होते. नागपूरच्या एका गिरणीचा व्यवस्थापक बदली होऊन मुंबईला निघाला, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. जेमतेम वर्षभर वापरलेली. सीटवरची कापडी आवरणंसुद्धा निघालेली नव्हती.

त्या माघात आम्ही मोटर घेऊन बहिणीला आणायला गेलो. तिचं सासर वडनेरहून आत, कच्च्या वाटेवरच्या एका खेड्यात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं आणि सातवा महिना चालू होता. आठव्यात बाईला प्रवासाला काढायचं नाही, हे दोन्ही घरांत ठरलेलंच. आणायचं तर याच महिन्यात. मी तेव्हा नागपूरला एका दैनिकात कामाला होतो. रजा काढून वडिलांबरोबर गेलो.

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. गावाअलीकडच्या नाल्यात मोटर रुतली. चाकं जितकी फिरत, तितकी ती काळ्या मातीत खाली जाई. गावातून माणसं आली आणि त्यांच्यामागून व्याही, म्हणजे बहिणीचे सासरे, आपली बैलजोडी घेऊन आले. धोतराचा विचार न करता ते चिखलात वाकले आणि हात पोचला तिथे त्यांनी दोर बांधला. तिथे होता पुढची दोन चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा. वडिलांनी ते पाहिलं. पण चिखलात वाकलेल्या व्याह्यांना ‘तिथे नको’ म्हणणं त्यांना जमलं नाही.

बैलांनी दोन हिसक्यांत मोटर वर काढली.

“इवाई, किती घोड्याईची हाय म्हनता ही?” व्याह्यांनी विचारलं. आमच्याकडच्या बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात.

वडिलांनी आकडा सांगितला.

“मंग सारे घोडे निजले होते काय? दोन बैलाईचंच काम पडलं ना!”

सगळे हसले. वडीलही हसले.

तिथून व्याह्यांच्या घरापर्यंत मोटर सारखी डावीकडे ओढत होती. मुलीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या सासरचं पाणीही घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी जेवलो, वडील ओसरीवर बसून राहिले. बहिणीची ट्रंक दाराशी बांधून तयार होती. असल्या मोटारीत तिला बसवायची वडिलांची हिंमत होईना. गाडीचं थोडं काम निघालंय, आठ दिवसांत येतो, असं त्यांनी सांगितलं.

बहीण म्हणाली, “मी बैलबंडीनं वडनेरपर्यंत येते ना बाबा. पुढे वर्ध्याची सर्व्हिस मोटर मिळते.”

“काऊन?” व्याही म्हणाले. “बापाची मोटर असून माही सून बंडीत धक्के खात जाईन काय? साऱ्या गावानं मोटर पाह्यली. मोटरीनंच जाईन ते.”

त्यात मिरवणं होतं आणि काळजीही होती. आम्ही आठ दिवसांचा शब्द देऊन निघालो.

नागपूरच्या मोटर दुरुस्तीच्या कारखान्यात मिस्त्रींनी गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर येऊन विचारलं, “वकीलसाहब, बैल बाँधे थे क्या?” दांडा वाकला होता, स्टिअरिंगच्या पेटीला चीर गेली होती. नवी पेटी मुंबईहून यायची. मूळ विक्रेत्या कंपनीची हमी अशा नुकसानीला लागू नव्हती. विमा कंपनीची ना नव्हती. तिला फक्त ज्याने दोर बांधला त्याचं लेखी निवेदन हवं होतं.

“ते सही देतील,” मी म्हणालो.

“देतील. हसत देतील,” वडील म्हणाले. “मग तुझ्या बहिणीला जन्मभर ऐकावं लागेल, तुझ्या बापानं आमच्याकडून लिहून घेतलं म्हणून.”

भाड्याची मोटर नेली असती, तर आपलीचं एवढं काय काम निघालं हे सांगावं लागलं असतं. म्हणजे पुन्हा दोरापाशीच. मी कारखान्यात चकरा मारत राहिलो. गाडी जसजशी उघडत गेली तसतसं काम वाढलं. बाळंतपणासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. आई म्हणाली, “तिच्यासाठी ठेवले होते, तिच्यापायीच गेले.”

मोटर हातात आली तेव्हा आठवा लागला होता. तरीही आम्ही निघालो. या वेळी आई बरोबर होती. वाट वाळली होती. व्याह्यांनी मोटारीच्या नाकाडावरून हात फिरवला.

“आता कशी झाली! पन आठवा लागला, इवाई. आता नाई धाडत.”

त्यांचं चुकत नव्हतं. बहिणीची ट्रंक अजून दाराशीच होती, बांधलेली. तिने ती सरकवत आत नेली.

तेव्हा आई मोटारीतून उतरली. डिकीत तिचा स्टोव्ह होता, दोन पातेली, तांदूळ, डाळ आणि पाण्याची घागर. हे तिने घरूनच ठरवलं होतं. आम्हाला सांगितलं नव्हतं. शाळेच्या गुरुजींची एक खोली रिकामी होती, ती तिने मागून घेतली.

“विहीनबाई, आमच्या घरात जागा नाई काय?” व्याही दुखावले.

“आहे ना. नातवंड झालं की येते आणि पोटभर जेवते,” आई म्हणाली. “तोवर रोज येऊन तिच्याजवळ बसेन. पाणी तेवढं माझं मी आणेन.”

आईला तिथे ठेवून आम्ही दोघे परत निघालो तेव्हा व्याही नाल्यापर्यंत पायी आले. मागे गड्याकडे बैलजोडी, त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर दोर. लागला तर असू द्या, म्हणाले. नाल्यात धूळ उडत होती. वडिलांनी गाडी थांबवली, हात जोडले आणि पलीकडे नेली. स्टिअरिंग आता सरळ होतं. मागच्या सीटवर बहिणीसाठी गादी अंथरली होती. वर्ध्याला पोचल्यावर ती मी उचलून आत ठेवली.