अस्वलाचं गोत्र

मेलेल्या अस्वलासाठी जिवंत माणसांशी भांडणारा अख्ख्या ऑस्ट्रेलियात एकच माणूस असेल, आणि तो नेमका ब्लॅकटाउनला आमच्या कुंपणापलीकडे राहतो. जन्म त्याचा कॅनडाच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचा, तिथल्या मूळ लोकांतला. बायको इथली मिळाली म्हणून आला, ट्रक चालवला, बायको गेली, हा उरला. त्याच्या बेटांवर बाहेरचे शिकारी सरकारी परवाना घेऊन यायचे, अस्वल मारायचे, मुंडकं आणि कातडं न्यायचे, बाकीचं तिथंच सडायला टाकायचे. "खायला मारलं असतं तर बोललो नसतो," तो म्हणायचा. "जमीन आमची, अस्वल आमच्या नात्यातलं, आणि परवाना देणारा कोण? तर ज्याने बेट कधी पाहिलं नाही तो!" सातवीच्या जोरावर मला त्याचं सगळं इंग्रजी कळत नसे, पण राग कळायचा. समोर पोस्टमन असला तरी त्याच्या तोंडापुढे बोट नाचवायचा.

असंच एक मुंडकं आमच्याजवळच्या क्लबात बिअरच्या काउंटरवर टांगलेलं होतं. हा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्याखाली बसायचा आणि त्याला घरच्या बातम्या सांगायचा. यंदा नदीला मासे किती चढले, बेटावर कोण वारलं. निघताना मॅनेजरला बजावायचा, "याला घरी पाठवा." मॅनेजर म्हणायचा, "शोभेची वस्तू आहे, मेट." मग ही शौकाची शिकार बंद करा म्हणून सह्या गोळा करायला निघाला. आमच्या हिला त्याचा फार कळवळा. ती त्याला घेऊन हॅरिस पार्कला मिठाईच्या दुकानापुढे उभी राहिली. आपल्या बायकांनी पटापट सह्या केल्या, कोआलासाठी समजून. एकीने विचारलं, "अय्या, ते पानं खाणारं गोंडस ना?" हा लालबुंद. "कोआला अस्वल नाही!" म्हणून ओरडला आणि सगळे कागद तिथंच फाडले. ही हसून हसून बाकावर बसली. मी म्हणालो, "दोघंही सारखेच येडे."

मग कोरोना आला आणि दुसऱ्या लॉकडाउनात ही गेली. हॉस्पिटलात भेटू दिलं नाही, मोजक्या माणसांत उरकलं. तिकडे समुद्राकाठचे श्रीमंत वाळूवर अंग शेकत होते आणि आमच्या गल्लीत सैनिक फिरत होते. इंडियाची विमानं बंद. अस्थी किचनच्या कपाटात मसाल्यांच्या डब्यांशेजारी ठेवल्या, कारण तिची जागा तीच. मुलगा म्हणाला, "बाबा, इथंच समुद्रात सोडू, इट्स द सेम वॉटर." मी म्हणालो, "तुझ्या आईला विचार." 'देवाची इच्छा' म्हणणाऱ्यांचे फोन मी कापायचो. एकट्या शेजाऱ्याने तसलं काही म्हटलं नाही. कुंपणावरून मास्क खाली ओढून म्हणाला, "तुझी कपाटात, माझा भिंतीवर. दोघांनाही घरी जायचंय, मेट."

क्लब उघडला तसा हा इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि लगेच परत आला. मुंडक्याच्या जागी टीव्ही होता. भिंत रंगवताना ते कचऱ्यात फेकलं होतं. "म्हणे कसर लागली होती," एवढंच बोलला.

विमानं सुरू झाली. मी बॅग भरत होतो तेव्हा त्याने विचारलं, "तुमची नदी समुद्राला मिळते?" मिळते म्हणालो. "बरं," म्हणाला आणि आत गेला.

नाशिकला गोदावरीवर हिचं राहिलेलं सगळं केलं. गुरुजींनी विचारलं, "आणखी कुणाचा पिंड?"

"अस्वलाचा."

त्यांनी चष्मा वर केला. "गोत्र?"

"बेटावरचं आहे. मला काय ठाऊक?"

म्हातारा भला माणूस. "ठाऊक नसलं की काश्यप," म्हणाला आणि मंत्र सुरू केले. कावळा आला तो थेट अस्वलाच्या पिंडावर. हिच्याकडे बघेना. ऊन चढलं. मुलाशी भांडणार नाही, नातीला मराठी शिकवीन, गोळ्या वेळेवर घेईन, सगळी वचनं देऊन झाली. शेवटी वैतागून म्हणालो, "बरं बाई, त्या येड्याला फोन करतो, सांगतो अस्वल पोचलं म्हणून."

तेव्हा शिवला.