सरांचा प्रश्न

"हात दाखव गं," असं म्हणून त्यानं माझा पंजा धरला, उलटा केला आणि अंगठ्यानं तळवा दाबून बघितला. बाजारात बैलाचे दात बघतात तसा.

कळंबच्या अलीकडे हायवेला एक फाटा आहे. कांद्याच्या लागणीच्या दिवसांत डोंगरातल्या बायका सकाळी तिथं उभ्या राहतात. आमची वस्ती शिनोलीच्या वर. भात काढून झाला की डोंगरात काम नसतं. खालचे बागायतदार पिकअप घेऊन येतात, हात दाबून बघतात, निवडतात. घट्टे लागले की बाई गाडीत चढते. मी तेव्हा बी.ए.ला होते. रविवार होता, म्हणून आईबरोबर आले होते.

"ह्यो पुस्तकाचा हात हाय. ही नको."

"लई कामाची हाय, भाऊ," आई म्हणाली. "शेण, पानी, समदं करती."

"कांदं लावायचं हायती, निबंध न्हाई ल्ह्यायचा."

सगळे हसले. आईपण हसली. तिला गाडीत जागा हवी होती.

पिकअपच्या पुढच्या सीटवर त्याचा थोरला भाऊ बसला होता. माझे सर. कॉलेजात आम्हाला तत्त्वज्ञान शिकवायचे. आदल्याच दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं होतं, माणूस म्हणजे अवजार नव्हे, त्याला वापरायचं नसतं. सरांनी मला ओळखलं. त्यांचे डोळे माझ्यावर आले, थांबले. मग त्यांनी काच वर केली. गाडी आईला घेऊन गेली आणि मी फाट्यावर एकटी राहिले.

दुसऱ्या दिवशी सर नेहमीसारखं शिकवत होते. माझ्या बाकाकडे तेवढं बघत नव्हते. आणि मला चीड येत होती, की हा माणूस इतकं सुंदर शिकवतो.

मी हट्टानं तोच विषय घेतला. एम.ए. केलं. "ह्यानं काय मिळतंय गं?" आई विचारायची. सर म्हणायचे, पदवीनं कुणी तत्त्वज्ञ होत नाही, विचार अंगाला लागावा लागतो. तो नक्की कुणाच्या अंगाला लागतो, ते मला बघायचं होतं.

सर निवृत्त झाल्यावर त्याच कॉलेजात मला तास मिळाले. तासिका तत्त्वावर. दरवर्षी नवा अर्ज, दरवर्षी नवी सही. सही करणारा संस्थेचा संचालक म्हणजे सरांचा तोच धाकटा भाऊ. त्याला मी आठवत नव्हते. इतके हात दाबलेल्या माणसाला एक हात कसा आठवेल?

मग सर आजारी पडले. मी भेटायला गेले. दुपार होती, खोलीत औषधांचा वास. त्यांनी मला खुर्ची जवळ घ्यायला सांगितली.

"मला एक खरं सांग," ते म्हणाले. "मी तत्त्वज्ञ होतो का गं?"

फाट्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीपण काढलं नाही. "सर, आराम करा," मी म्हणाले आणि उठले. चारच दिवसांत सर गेले.

तेव्हापासून ते येतात. फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागं शेवटच्या बाकावर कुणी बसलंय असं वाटतं. वळले की बाक रिकामा. तांदूळ निवडताना, एसटीत, कुठंही. मागून तोच आवाज, अजिजीचा. मला भीती वाटते. मेलेल्या माणसाची नाही, त्याच्या अडकून पडलेल्या प्रश्नाची.

दहाव्याला घोडनदीच्या घाटावर मांडव. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं, आणि पुढाऱ्यांना तर दहावा म्हणजे हक्काची सभा. माईकवरचा माणूस एकेकाला बोलवत होता. जो उठेल तो सरांना 'थोर तत्त्वज्ञ' म्हणत होता. कुणी त्यांच्या द्राक्षबागेचं कौतुक केलं, कुणी सोसायटीत निवडून आल्याचं. त्यांचा एक विचार कुणी सांगितला नाही.

मी माईकवाल्याजवळ जाऊन म्हणाले, "मला बोलायचंय. मी त्यांची विद्यार्थिनी."

मधेच संचालक आला. त्यानं पाण्याचा जग माझ्या हातात दिला. "मॅडम, हितं बोलाया मोठी मानसं हायती. तुमी पावण्यांना पानी द्या." मग हळूच, "तुमच्या तासांचं अजून ठरायचंय. ध्यानात असू द्या."

तासांवर माझं घर चालत होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो हाच.

मी जग खाली ठेवला. सरळ गेले आणि माईक धरला.

"सरांनी जाण्याआधी मला विचारलं होतं, मी तत्त्वज्ञ होतो का. मी उत्तर दिलं नव्हतं. आज देते. नव्हते. त्यांना सगळं कळत होतं आणि ते गप्प बसले. ज्या दिवशी त्यांनी हे विचारलं, त्या दिवशी तत्त्वज्ञ व्हायला सुरुवात झाली होती. पण दिवस उरले नव्हते."

माईक बंद झाला. "मेलेल्या मानसाबद्दल काय बोलती ही," कुणीतरी म्हणालं. दोघांनी मला मांडवाबाहेर काढलं. मागून सरांची बायको आली. मला वाटलं, मारते आता.

"मलाबी त्ये रोज ह्येच इचारायचं," ती म्हणाली. "मी आपली हो म्हनायची."

एवढं बोलून ती परत बायकांत जाऊन बसली.

यंदा माझे तास दुसऱ्याला दिले. मी आईसारखी लागणीला जाते. घट्टे यायला लागलेत. सर अजून येतात. वाफ्यात वाकले की मागं उभे असतात, पण आता काही विचारत नाहीत. आता मीच विचारते. गाडी लावणाऱ्याला विचारते, हात कशाला दाबतोस? संस्थेच्या गेटवर जाऊन विचारते, माझे तास का काढले? मला तत्त्वज्ञ म्हणा, म्हणू नका, ते तुमचं तुम्ही बघा. मी गप्प बसणार नाही, आणि मरताना कुणाला विचारणारही नाही.