पिकअपची थंडी

आमच्या पिकअपला थंडी वाजते, हे निदान मी स्वतः केलं होतं. दसरा झाला आणि तिचं हे सुरू झालं. चावी फिरवली की 'घर्रर्र...' करून दम खायची, पुन्हा 'घर्रर्र...' करायची आणि मनात आलं तरच चालू व्हायची. गाडी बारा वर्षांची, त्यात आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. थंडीच, दुसरं काय असणार!

मग बॉनेटवर गोधडी आली. (माझीच. मी चादरीत कुडकुडत होतो!) सकाळी इंजिनाला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. बायको करवादली, "अवो, माझा गुडघा दुखतो तवा ही पिशवी सापडत नाय ती!"

आमची रेश्मा आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेली. ती रोज विचारायची, "बाबा, मी जरा बॅटरी बघू काय?"

"बॅटरी नवी हाय गो! वीस वर्षं गाडी चालवतोय मी. नुसत्या आवाजावरनं दुखणं सांगतो!"

दुखणं काही बरं होईना, म्हणून गाडी उतारावर लावायला लागलो. रोज सकाळी बायको आणि शेजारचे धर्माकाका ढकलायचे आणि मी ऐटीत स्टिअरिंगवर!

अशात रेश्माला महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली. आमच्या घरातली पहिली पगाराची नोकरी! साहेबांनी बजावलं होतं, पहिल्या दिवशी नऊच्या आत गेटवर या, नाहीतर येऊच नका. ती म्हणाली, "मी आपली एसटीनं जाते."

"एसटी कशाला? माझी लेक बापाच्या गाडीतनं जाणार!" मी छाती फुगवून सांगितलं. एसटी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

रेश्मा नव्या ड्रेसात शेजारी बसली. काका आणि बायकोनं जोर लावला. गाडी सुटली, वळणं घेत झोकात खाली गेली आणि ओढ्याच्या मोरीवर येऊन गपगार उभी राहिली. वरून काका ओरडले, "गिअर टाकलास काय रे?"

गिअर टाकायचाच राहिला होता, मग नुसत्या उतारानं इंजिन चालू कसं होणार! आता मोरीच्या दोन्ही बाजूंना चढ. आठ वाजून गेलेले. रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेली माझी नोकरी, बाबा." इतका वेळ फुगलेली छाती कुठल्या कुठे गेली!

तिनं डोळे पुसले आणि डब्याच्या पिशवीतून दहा नंबरचा पाना काढला. "आता तुमी एक शब्द बोलायचा नाय. फकस्त चावी फिरवा."

मी निमूटपणे फिरवली. घर्रर्र... तिनं बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "बघा, किती तापलंय! इथं करंट अडतोय." तिनं नट सैल केला, वायरीचा क्लॅम्प उचलला आणि आतून वाळकं, काळपट, घडी घातलेलं काहीतरी ओढून काढलं.

आपट्याचं पान!

तोवर बायको धापा टाकत खाली पोचली होती. पान बघून म्हणाली, "दसऱ्याला गाडीची पूजा कुणी केली होती?"

मीच केली होती. बॉनेटला हार काय, सगळेच घालतात. गाडीचा खरा जीव बॅटरीत, म्हणून सोनं मी तिलाच वाहिलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून क्लॅम्प सैल करून, पान आत घालून वरून चांगलं आवळलंही होतं!

रेश्मानं टर्मिनल खरवडून साफ केलं, क्लॅम्प घट्ट बसवला. चावीला हात लावतोय तोच गाडी खणखणीत चालू झाली. मला तर रडूच फुटलं. नवाला पाच कमी असताना आम्ही कंपनीच्या गेटवर. ती पळत आत गेली.

संध्याकाळी आली ती हसतच. "साहेबांनी विचारलं, कामाचा अनुभव काय? मी सांगितलं, आज सकाळीच एक जुनी गाडी दुरुस्त केली."

"शाब्बास! मग?"

"मग म्हणाले, अजून काही? म्हटलं, गाडीचे मालक बाकी हायत, सर. त्यांना जरा वेळ लागंल."