इंजिनखालचा लाल गोल

मी या ग्रुपवर फक्त वाचक. लोकांच्या गूढ अनुभवांखाली 'आधी झोप पूर्ण करा' अशी कमेंट टाकणारा खवचट माणूस मीच. तेव्हा आज माझी फिरकी घेतलीत तरी तक्रार नाही...

आम्ही कोथरूडला राहतो. बाबा शाळेत गणित शिकवायचे. रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या जुन्या गाडीच्या इंजिनखाली त्या दिवशीचा पेपर पसरायचे आणि सकाळी वाकून बघायचे. ऑइलचा थेंब दिसला की त्याभोवती लाल बॉलपेनने गोल - वहीतली चूक दाखवावी तसा. मग त्याच्या बरोब्बर वर गळती शोधायची. मी वैतागायचो, "बाबा, गॅरेजला टाका ना!"

"गॅरेजवाल्याला नुसती गाडी चालवायची असते. मला तीत तुझी आई बसवायची असते."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात गाडी विकायचं ठरलं. आई म्हणाली, "त्याआधी एकदा मला हिच्यातूनच लोणी काळभोरला ताईकडे ने." आदल्या दिवशी मी हौसेनं, व्हिडिओ बघून, स्वतः ऑइल बदललं. संध्याकाळी बाबांची फार आठवण आली म्हणून पेपर पसरला. त्याच दिवशीचा, त्यातलं अर्धवट शब्दकोडं माझंच होतं.

सकाळी वाकून बघितलं. थेंब एकही नाही. पण कोड्याशेजारी एक लाल गोल... आत काहीच नाही.

मोबाइलवर फोटो काढून वर गेलो. "आई, तू खाली गेली होतीस?"

"अरे, मला पलंगाखालची चप्पल काढता येत नाही, गाडीखाली कुठे वाकू?" मग तिनं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. "ह्यांचा गोल असाच असायचा. कधी पुरता मिटायचाच नाही."

मी खाली येऊन गाडीखाली आडवा झालो. गोलाच्या बरोब्बर वर ऑइल काढायचा नट होता. बोटांनीच फिरला! मी तो पान्यानं आवळायलाच विसरलो होतो. थंड इंजिनात कसाबसा टिकला होता. सोलापूर हायवेवर तापून, थरथरून सुटला असता, सगळं ऑइल गळून भर वेगात इंजिन जाम झालं असतं... शेजारी आई बसलेली. मी तिथेच फरशीवर बसून रडलो.

नट आवळला आणि आईला लोणीला नेऊन आणलं.

वॉचमनला, शेजाऱ्यांना विचारून झालं. बाबांचं पेन गाडीच्या कप्प्यात सापडलं, पण ते केव्हाच वाळलेलं. फोटो टाकला तर तुम्ही म्हणाल, गोल तूच काढलास. मीही तेच म्हटलं असतं.

गाडी विकली नाही. रोज संध्याकाळी पेपर पसरतो, सकाळी वाकून बघतो. थेंब नसतो, गोलही नसतो. म्हणजे सगळं ठीक आहे... तरी रोज थोडं वाईट वाटतं.